युद्धकाळातल्या ब्रिटनची मूळ रंगीत छायाचित्रं: त्यांत काय दिसतं, काय दिसत नाही आणि का

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनची ‘दुर्मिळ रंगीत छायाचित्रं’ म्हणून जे काही फिरत असतं, त्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते. पहिली म्हणजे त्या काळी खरोखर रंगीत फिल्मवर टिपलेली छायाचित्रं. दुसरी, मूळ कृष्णधवल छायाचित्रावर अलीकडे संगणकाने चढवलेले रंग. तिसरी, त्याच काळात छापखान्यात किंवा स्टुडिओत हाताने रंगवलेल्या प्रती. कागदपत्र म्हणून किंमत पहिल्या प्रकाराला. दुसऱ्या प्रकारातला रंग हा रंगवणाऱ्याचा अंदाज असतो आणि तो अनेकदा साफ चुकलेला असतो. हा फरक ओळखता आला नाही तर त्या काळाबद्दल चुकीच्या गोष्टी डोक्यात पक्क्या बसतात. म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो आहे.

सुरुवात फिल्मपासून करावी लागते. त्या वेळी ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष वापरात असलेल्या रंगीत फिल्म मुख्यतः दोन. एक ड्युफेकलर, दुसरी कोडॅक्रोम. जर्मन आग्फाकलर १९३६ साली आली होती, पण युद्ध सुरू झाल्यावर तिचा प्रश्नच उरला नाही. लंडनच्या विल्सडन भागात व्हिव्हेक्स नावाची तीन निगेटिव्हवरून कागदी रंगीत प्रत बनवणारी उत्तम प्रक्रिया चालायची. मादाम इव्हॉन यांची तीसच्या दशकातली झळाळती व्यक्तिचित्रं त्याच प्रक्रियेतली. युद्ध लागलं आणि ती कंपनी बंद पडली.

ड्युफेकलर ही ब्रिटिश फिल्म. तिच्या पायावर लाल रेघा आणि त्यांच्यामध्ये हिरवे-निळे चौकोन अशी अतिसूक्ष्म जाळी छापलेली असायची, मिलिमीटरला साधारण २० रेघा. त्या जाळीमागे साधा कृष्णधवल थर. प्रकाश जाळीतून गाळून त्या थरावर पडायचा आणि बघतानाही त्याच जाळीतून बाहेर यायचा. जाळी बराचसा प्रकाश गिळते, त्यामुळे ड्युफेकलरची पारदर्शिका (उजेडासमोर धरून बघायची फिल्म, म्हणजे स्लाइड) नेहमी काळवंडलेली वाटते. रंग मऊ, किंचित राखाडी. पण तिचे दोन मोठे फायदे होते. ती रोल फिल्मच्या मापांत मिळायची, म्हणजे घरातल्या साध्या घडीच्या कॅमेऱ्यातही चालायची. आणि ती घरच्या डार्करूममध्ये धुता यायची, कारण मुळात ती कृष्णधवल रिव्हर्सल प्रक्रियाच होती, म्हणजे निगेटिव्हऐवजी थेट सरळ चित्र देणारी. पहिलं डेव्हलपिंग, ब्लीच, पुन्हा उजेड दाखवणं, दुसरं डेव्हलपिंग, झालं काम. युद्धाच्या सुरुवातीच्या महिन्यांतली हौशी ब्रिटिश रंगीत छायाचित्रं बघताना ही फिल्म लक्षात ठेवावीच लागते.

कोडॅक्रोमचा मामला पूर्ण वेगळा. लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोन संगीतकारांनी शोधलेली ही फिल्म १९३५ साली १६ मिमी चलत्‌चित्रासाठी आली, १९३६ साली ३५ मिमी स्थिरचित्रणासाठी आणि १९३८ साली मोठ्या कॅमेऱ्यांच्या शीट स्वरूपात. तिच्यात तीन थर असतात, पण फिल्ममध्ये रंग बनवणारं द्रव्यच नसतं. ते धुलाईच्या वेळी बाहेरून घालावं लागतं. १९३८ नंतरची पद्धत अशी: आधी कृष्णधवल डेव्हलपिंग, मग पायाच्या बाजूने लाल उजेड देऊन तळच्या थरात निळसर-हिरवा रंग, मग वरच्या बाजूने निळा उजेड देऊन वरच्या थरात पिवळा, शेवटी मधल्या थरात किरमिजी आणि मग सगळी चांदी ब्लीचने काढून टाकायची. हे काम कंपनीच्या प्रयोगशाळेतच होऊ शकायचं. वृत्तचित्रकाराच्या दृष्टीने ही मोठीच अडचण. आज बॉम्ब पडला, छायाचित्र उद्याच्या पेपरात हवं, तर कृष्णधवलशिवाय पर्याय नाही. रंगीत फिल्म पाठवायची, धुऊन यायची, त्यावरून छपाईचे रंगवार ठोकळे बनवायचे, तोवर बातमी शिळी. त्यामुळे युद्धकाळातली रंगीत छायाचित्रं बहुतेक वेळा ‘घटने’ची नसून ‘विषया’ची असतात. विमान कारखाना, शेतावर काम करणाऱ्या मुली, तोफेवरचं पथक असे आठवडे-महिने उलटले तरी शिळे न होणारे विषय. रॉबर्ट कापासारख्या नावाजलेल्या छायाचित्रकाराने १९४१ पासून ब्रिटनमध्ये आणि अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांच्या ताफ्यावर कोडॅक्रोम वापरली, तीही अमेरिकन नियतकालिकांसाठी.

आता कळीचा मुद्दा, फिल्मचा वेग. त्या वेळच्या कोडॅक्रोमचा वेग आजच्या मोजमापात अंदाजे आयएसओ १० भरतो. मोबाइलचा कॅमेरा घरात सहज ८०० किंवा १६०० वर जातो, त्याच्या तुलनेत हा वेग किती तुटपुंजा आहे ते बघा. लख्ख उन्हात १/५० सेकंदाला भिंगाचं छिद्र एफ-६.३ ते एफ-८ च्या दरम्यान ठेवावं लागायचं (आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं). इंग्लंडचं नेहमीचं ढगाळ आभाळ म्हणजे किमान तीन स्टॉप कमी उजेड (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे त्याच शटरला एफ-२ ते एफ-२.८. इतकं उघडं भिंग लायकाचं समर किंवा कॉन्टॅक्सचं सोनार अशा महागड्या जर्मन कॅमेऱ्यांनाच असायचं. सर्वसाधारण घडीच्या कॅमेऱ्याचं भिंग एफ-४.५ किंवा एफ-६.३ ला संपायचं. चुकीला वावही जेमतेम अर्ध्या स्टॉपचा. थोडा जास्त उजेड झाला की चेहरा पांढराफटक, कमी झाला की हेल्मेटच्या सावलीत तोंडच नाहीसं. बहुतेक भिंगांवर कोटिंग नसायचं, त्यामुळे समोरून उजेड आला की सगळ्या चित्रावर धुरकट पडदा.

या आकड्यांमधूनच त्या छायाचित्रांचं रूप घडलं आहे. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी, माणसं उजेडात डोळे बारीक करून उभी, सगळी स्थिर, पार्श्वभूमी धूसर, आभाळ निळं. हे बघून ‘युद्धकाळात लोक किती आनंदात होते’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. तो निष्कर्ष फिल्मच्या डब्यावरच्या सूचनेतून आलेला असतो, लोकांच्या मनःस्थितीतून नाही. पावसाळी नोव्हेंबरातली रेशनची रांग रंगीत फिल्मवर क्वचितच येणार, कारण ती टिपायला उजेडच पुरत नव्हता.

आणि रात्र तर जवळजवळ गायबच. लंडनवर ७ सप्टेंबर १९४० पासून सलग ५७ रात्री बॉम्बवर्षाव झाला आणि जर्मन हवाई हल्ल्यांची ही मोहीम, म्हणजे ब्लिट्झ, मे १९४१ पर्यंत चालली. पण या काळाची आपल्या मनातली चित्रं कृष्णधवल आहेत, ती उगाच नाहीत. भुयारी रेल्वेच्या फलाटावर झोपलेली माणसं कोडॅक्रोमवर घ्यायची तर एफ-२ ला एक-दोन सेकंद शटर उघडं ठेवावं लागलं असतं. छायाचित्रकार बिल ब्रँटने १९४० साली तिथे केलेलं प्रसिद्ध काम कृष्णधवल आहे. रात्रीच्या आगीत ज्वाळा उमटल्या असत्या, पण त्यांच्याशी झुंजणारी माणसं काळोखात बुडाली असती. म्हणून ब्लिट्झचं रंगीत चित्रण बहुतांशी दुसऱ्या दिवशी सकाळचं आहे: विटांचे ढिगारे, पाण्याचे पाइप, धूळ.

कारखान्यात आत काम करायचं तर फ्लॅश बल्ब किंवा फोटोफ्लड दिवे लागत. दिव्यांसाठी ‘टाइप ए’ ही वेगळी कोडॅक्रोम होती. दिवसाची फिल्म साध्या दिव्याखाली वापरली की सगळं नारिंगी, टाइप ए बाहेर उन्हात बिनफिल्टर वापरली की सगळं निळं. खिडकीतला दिवसाचा उजेड आणि दिव्याचा उजेड एकाच चौकटीत मिसळला तर एक गाल निळसर आणि एक पिवळा. हा दोष दिसला तर मला आनंद होतो. मूळ रंगीत फिल्मची ती पक्की खूण असते, नंतर रंग चढवणारा असली गोष्ट सहसा करत नाही.

कोडॅक्रोम मुळात अमेरिकेतून यायची आणि युद्धात डॉलर व जहाजांतली जागा दोन्ही दुर्मिळ. शिवाय परवानगीची अट. १९३९ च्या छायाचित्रण नियंत्रण आदेशानुसार लष्करी ठिकाणं आणि इतर अनेक गोष्टी परवान्याशिवाय टिपायला बंदी होती. लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउसमध्ये बसलेलं माहिती मंत्रालय छायाचित्रं मिळवायचंही आणि सेन्सॉरही करायचं. या मंत्रालयाकडे युद्धकाळात अंदाजे ३ हजार रंगीत छायाचित्रं जमा झाली. त्यांतली साधारण निम्मी १९४९ साली इम्पीरियल वॉर म्युझियमकडे आली, उरलेल्यांचा पत्ता नाही. संग्रहालयात त्यांचे क्रमांक ‘टीआर’ या अक्षरांनी सुरू होतात. १९४३ साली चेशरमधल्या वुडफर्डच्या कारखान्यात पूर्ण होत आलेली लँकॅस्टर बाँबर विमानं, डिसेंबर १९४२ मध्ये विमानविरोधी तोफेच्या ठाण्यावर आभाळ न्याहाळणारी एटीएसची (लष्कराच्या महिला शाखेची) तरुणी, ही सगळीकडे दिसणारी छायाचित्रं त्याच संचातली. देश काय करतो आहे हे जगाला, विशेषतः अमेरिकेला दाखवण्यासाठी ती घेतली होती, हे ध्यानात ठेवून ती बघावीत.

एवढ्या मर्यादा सांगून झाल्यावरही या छायाचित्रांना पर्याय नाही, कारण काही माहिती फक्त रंगातच आहे.

टपालपेटी घ्या. युद्धाच्या सुरुवातीला अनेक लाल टपालपेट्यांच्या माथ्यावर पिवळसर-हिरवट रंग दिला होता. विषारी वायूचा संपर्क आला की हा रंग बदलायचा, म्हणजे वायुहल्ल्याची सूचना मिळायची. कृष्णधवल छायाचित्रात ही पेटी नुसती दोन छटांची दिसते आणि लक्षातही येत नाही. लहान मुलांचे वायुमुखवटे तसेच. मोठ्यांचा काळ्या रबराचा, पण साधारण दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा लाल रबराचा, निळ्या गाळणीच्या डब्याचा, मुलांनी तो घालायला रडू नये म्हणून. रेशन पुस्तकाचा रंग बघितला तर रांगेतल्या बाईबद्दल बरंच कळतं: मोठ्यांसाठी मातकट पिवळं, ५ ते १६ वयाच्या मुलांसाठी निळं, आणि गर्भवती स्त्रिया व पाचाखालच्या मुलांसाठी हिरवं. हिरव्या पुस्तकाला दूध आणि फळांत प्राधान्य असायचं.

सगळ्यात बोलका कपडा म्हणजे बरे होत असलेल्या जखमी सैनिकांचा. भडक निळा कोट-पँट, पांढरा शर्ट, लाल टाय. रस्त्यात कुणीही ओळखावं की हा माणूस इस्पितळात उपचार घेतो आहे. कृष्णधवल छायाचित्रात हाच माणूस साध्या सुटातला नागरिक दिसतो. रंग चढवणारे त्याला हमखास करडा किंवा तपकिरी करून टाकतात आणि एका जखमी सैनिकाची ओळख पुसली जाते.

बायकांचे गणवेश बघा. शेतीच्या कामाला गेलेल्या विमेन्स लँड आर्मीचा हिरवा स्वेटर आणि तपकिरी कॉर्डुरॉयची ब्रीचेस. नागरी मदतकार्य करणाऱ्या डब्ल्यूव्हीएसचा हिरवट-करडा सूट आणि आत बीटाच्या रंगाचा जंपर. एटीएस खाकी, हवाई दलाच्या महिला शाखेच्या मुली करड्या निळ्या, नौदलाच्या महिला शाखेच्या गडद निळ्या. अग्निशमन दलाच्या गाड्या तर युद्धकाळात मोठ्या प्रमाणावर करड्या होत्या. लालभडक बंब बघितला की चित्र नंतर रंगवलेलं असण्याची शंका घ्यावी. लंडनच्या बसही सगळ्या लाल नव्हत्या. १९४० च्या शरद ऋतूत बसची टंचाई झाल्यावर इतर शहरांतून शेकडो बस उसन्या आणल्या, त्या आपापल्या हिरव्या-निळ्या रंगातच लंडनमध्ये धावत होत्या.

विमानांच्या बाबतीत रंग म्हणजे तारीखच. ब्रिटिश लढाऊ विमानांचा वरचा छद्मरंग (कॅमोफ्लाज) ऑगस्ट १९४१ पर्यंत गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, त्यानंतर हिरवा आणि करडा. विमानाच्या अंगावरच्या हवाई दलाच्या वर्तुळाकार चिन्हाभोवती पिवळं कडं १९४० च्या मे महिन्यापासून, आणि १९४२ च्या मध्यापासून पांढरं व पिवळं दोन्ही कडी बारीक. पंखांवर काळे-पांढरे पट्टे दिसले तर बहुधा जून १९४४ किंवा त्यानंतर. इथे एक जुनी गोची आहे. ऑर्थोक्रोमॅटिक कृष्णधवल फिल्मवर लाल आणि पिवळा काळपट येतो, निळा फिका. त्यामुळे चिन्हाचा मधला लाल ठिपका काळा आणि बाहेरचं निळं कडं राखाडी दिसतं. फिल्मचा हा स्वभाव माहीत नसलेल्यांनी आणि संगणकाच्या आपोआप रंगवणाऱ्या प्रणालींनी त्यावरून विचित्र रंगांची विमानं तयार केली आहेत.

रस्त्यावरच्या छायाचित्राची तारीख काढायला आणखी काही धागे. फुटपाथच्या कडा, झाडांची खोडं आणि गाड्यांचे मडगार्ड पांढऱ्या रंगाने रंगवलेले असतील तर १ सप्टेंबर १९३९ ला सुरू झालेल्या ब्लॅकआउटनंतरचं (रात्री सगळे दिवे झाकण्याची सक्ती). घरांसमोरची लोखंडी कुंपणं कापून फक्त दगडातले खुंट उरले असतील तर १९४१-४२ किंवा नंतरचं. अमेरिकन सैनिक दिसत असतील तर जानेवारी १९४२ नंतरचं. चौकटीत सार्वजनिक घड्याळ असेल तर फारच छान. १९४१ पासून उन्हाळ्यात ब्रिटनची घड्याळं दोन तास पुढे असायची, म्हणून लंडनमध्ये सूर्य नेमका दक्षिणेला येताना घड्याळात दोन वाजत. झाडं भरगच्च, सावल्या सर्वांत आखूड आणि घड्याळात दोन, तर युद्धातला उन्हाळा. फक्त १९४७ सालीही ही दुहेरी वेळ होती, तेवढं तपासून घ्यावं.

नंतर चढवलेला रंग ओळखायचा तर मोठ्या आकारात चित्र उघडून कडा बघा. केसांची, गवताची, जाळीच्या पडद्याची कड रंग कधीच नीट पाळत नाही, राखाडी किनार उरते. मग परावर्तित रंग शोधा. हिरवळीवर बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली हिरवट झाक, लाल विटांच्या भिंतीजवळच्या पांढऱ्या सदऱ्यावर गुलाबी छटा, उघड्या आभाळाखालच्या सावलीत निळेपणा हे मूळ रंगीत फिल्मवर आपसूक येतं. रंगवलेल्या चित्रात सगळ्यांची त्वचा एकाच डब्यातली असते आणि मागच्या गर्दीतले कपडे तपकिरी-निळे अशा दोन-तीन छटांत उरकलेले असतात. खऱ्या छायाचित्रात मागच्या एखाद्या अनोळखी बाईच्या टोपीवर पिवळं फूल असतं.

हातात मूळ पारदर्शिका असेल तर काम सोपं. तिरप्या उजेडात धरा. कोडॅक्रोमच्या इमल्शनच्या (चित्र असलेल्या जिलेटिनच्या थराच्या) बाजूला चित्राची उंचसखल आकृती दिसते. ड्युफेकलर दहापट भिंगाखाली धरली की रेघांची जाळी उघड होते.

स्कॅन करताना या दोघींच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. कोडॅक्रोमला स्कॅनरची इन्फ्रारेड धूळ-सफाई बंद ठेवा. तिचे रंग आणि तो उठाव इन्फ्रारेडला चकवतात, आणि यंत्र धूळ समजून बारीक तपशील व गडद कडा खाऊन टाकतं. साध्या फिल्म प्रोफाइलने निळी झाक येते, म्हणून कोडॅक्रोमचं स्वतंत्र प्रोफाइल निवडा. ३५ मिमीला ४ हजार पीपीआय (इंचाला पिक्सेल) आणि १६ बिट, नाहीतर तिच्या खोल सावल्यांतलं काहीच हाती लागत नाही. ड्युफेकलरची जाळी मिलिमीटरला २० रेघांची, म्हणजे सिद्धान्ताने हजारेक पीपीआय पुरायला हवा, पण त्याच्या आसपास स्कॅन केलं की मोआरेचे (दोन जाळ्या एकमेकींवर पडून उमटणारे) रंगीत पट्टे हमखास येतात. ३ हजारांच्या वर जा, शार्पनिंग पूर्ण बंद ठेवा आणि लहान प्रत हवी असेल तर नंतर संगणकावर आकार कमी करा.

पाणी दोन्हींना लावायचं नाही. कोडॅक्रोमवर बुरशी बसली असेल तर खालचं जिलेटिन पाण्यात विरघळण्याइतकं खराब झालेलं असू शकतं, आणि ड्युफेकलरच्या जाळीचे रंग पाण्याने फुटतात. हवेच्या फुग्याने धूळ उडवा, तेवढंच. ड्युफेकलरला आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तिचा ॲसिटेट पाया कुजायला लागला आहे. ती इतर फिल्मपासून लगेच वेगळी करा आणि सगळ्यात आधी तीच स्कॅन करा. पीव्हीसीच्या पाकिटांऐवजी पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं वापरा, थंड जागा, आर्द्रता ३० ते ५० टक्के. कोडॅक्रोम अंधारात कमालीची टिकते, पण प्रोजेक्टरच्या उजेडात ती इतर अनेक फिल्मपेक्षा लवकर फिकी होते, त्यामुळे मूळ प्रत पडद्यावर दाखवू नका. १९३८ च्या आधीच्या कोडॅक्रोमला हा टिकाऊपणा लागू नाही, त्या बहुतेक रंग उडालेल्या सापडतात. कोडॅक्रोमची धुलाई करणाऱ्या शेवटच्या प्रयोगशाळेने डिसेंबर २०१० च्या अखेरीस नवे रोल घेणं थांबवलं. त्यामुळे जुन्या कॅमेऱ्यात न धुतलेला रोल सापडला तर आता तो कृष्णधवल म्हणूनच धुता येतो.

वापराबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. १ जून १९५७ पूर्वी ब्रिटिश सरकारी छायाचित्रकाराने घेतलेल्या छायाचित्रांवरचा क्राउन कॉपीराइट (सरकारी कामावरचा स्वामित्वहक्क) संपलेला आहे, माहिती मंत्रालयाची छायाचित्रं त्यात बसतात. खासगी आणि नियतकालिकांच्या छायाचित्रकारांचं काम त्यात बसत नाही. कुठेही लावताना टीआर क्रमांक आणि मूळ नोंदीतला मथळा सोबत द्या, म्हणजे पुढच्या माणसाला मूळ नोंद शोधून रंग पडताळता येतील.